खांबाची खुर्ची

आमच्या भावोजींना माणसाआधी त्याची खुर्ची कळते. कुणी खुर्ची दुरुस्तीला आणली, की ते आणणाऱ्याकडे बघतसुद्धा नाहीत. खुर्ची आडवी करतात, बैठकीवरून तळहात फिरवतात, कडेचं रेक्झिन अंगठ्यानं दाबून बघतात आणि मग विचारतात, "उजवा गुडघा दुखतो का हो तुमचा?" समोरचा चाट पडतो. मग भावोजी त्याला दाखवतात, की उठताना तो सगळा भार डाव्या हातावर टाकतो, म्हणून खुर्चीचा डावा हात पार दबलाय आणि उजवा नव्यासारखा आहे. एकदा एका मुख्याध्यापिकाबाईंना त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "तुम्ही दुपारी खुर्चीतच झोपता." बाईंनी काम दिलं, पण त्यानंतर स्वतः कधी दुकानात आल्या नाहीत. शिपायाला पाठवतात.

मी त्यांची मेहुणी. ताईच्या लग्नात मी दोन वेण्या घालून मिरवत होते, आणि आता बावीस वर्षं झाली, त्यांच्याच दुकानात शिलाई मशीनवर बसते. खुर्च्या-सोफ्यांची कव्हरं मी शिवायची आणि ती ताणून ठोकायची त्यांनी, अशी आमची वाटणी. माझी मुलगी कॉलेजात जायला लागली तरी ते मला अजून 'धाकटे' अशीच हाक मारतात. ठोकायला बसले की दहा-बारा खिळे तोंडात धरतात आणि जिभेनं एकेक पुढे सरकवत काढतात. त्यामुळे कामाच्या वेळात त्यांचं तोंड बंद असतं, आणि त्याबद्दल मी खिळे बनवणाऱ्यांची मनापासून आभारी आहे.

आठवडाभर बंद राहिलेलं हे तोंड उघडतं ते शनिवारी, मैदानावर. आमच्या क्लबच्या फुटबॉलच्या मॅचचे सीझनचे दोन पास आमच्या घरात असतात. एक भावोजींचा, दुसरा खरं तर ताईचा. पण ताई एकदाच आली, तिनं आपल्या नवऱ्याच्या तोंडची भाषा ऐकली आणि घरी जाऊन पास माझ्या हातात ठेवला. "तू लहान आहेस, तुला चालेल," म्हणाली. मी तेव्हा पस्तिशीची होते.

जागा झकास आहेत. दुसरी रांग, क्लबच्या खेळाडूंच्या आणि मॅनेजरच्या खुर्च्यांच्या बरोबर मागे. आमच्या छोट्याशा मैदानावर त्या खुर्च्यांना छप्परबिप्पर काही नाही, त्यामुळे सगळं मैदान दिसायचं. म्हणजे नऊ वर्षांपूर्वीपर्यंत दिसायचं. मग नवा मॅनेजर आला. सहा फुटांवर उंची, दारातून आडवं जावं लागेल असे खांदे, आणि अंगात लांब काळा कोट. पहिल्याच मॅचला तो आपल्या खुर्चीसमोर चार पावलांवर जाऊन उभा राहिला. डावीकडचा गोल त्याच्यामागे गेला तो गेलाच.

"ए, बस खाली!" भावोजी ओरडले.

तो काही बसला नाही. पुढच्या मॅचलाही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. भावोजींनी त्याचं नाव 'खांब' ठेवलं आणि घरीदारी तेच रूढ झालं. ऊन असो, पाऊस असो, खांब उभाच. आणि भावोजींचं "बस खाली!" मॅचमध्ये पंधरा-वीस वेळा तरी ठरलेलं. शेजारीपाजारी बसणारे त्यावरून वेळ सांगायला लागले. पहिली आरोळी आली, की खेळ सुरू होऊन पाच मिनिटं झाली.

खांबाची आणखी एक खोड होती. पेनल्टी मिळाली, आपल्याला असो की समोरच्यांना, की हा गडी मैदानाकडे पाठ फिरवायचा, मागे यायचा, आपल्या खुर्चीवर वाकून उभा राहायचा आणि तोंड आमच्याकडे. तो वाकायचा म्हणून तेवढ्यापुरता आम्हाला डावा गोल दिसायचा, ही त्यातली एकच चांगली गोष्ट. "घाबरट!" भावोजी त्याच्या तोंडावर ओरडायचे. "टीम तुझी ना? मग बघ की तिकडे!" आणि मग पेनल्टीकडे बघत त्यांचा चेहरा असा काही व्हायचा, की मला मैदानाऐवजी त्यांच्याकडेच बघावंसं वाटायचं. डोळे बटाट्याएवढे, गाल आत ओढलेले, आणि गोल झाला की सगळं एकदम सैल. मनातलं लपवणं म्हणून भावोजींना ठाऊकच नाही. ताईचा वाढदिवस ते विसरले, की आम्हाला दारातूनच कळतं.

तर या खांबाला काढून टाका, असं भावोजी नऊ वर्षं सांगत होते. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगून झालं होतं. आणि सीझन संपायला दोन आठवडे उरले असताना एका सोमवारी सकाळी दुकानातल्या रेडिओवर बातमी आली, की मॅनेजर क्लब सोडून चाललेत, मोठ्या शहरातल्या मोठ्या क्लबनं बोलावलंय.

मला वाटलं, भावोजी आता नाचतील. त्यांनी तोंडातले सगळे खिळे हातावर काढले.

"जातोय?" ते म्हणाले. "असा कसा जातो? त्याला आपण हाकलायचं होतं. हा स्वतःहून कसा काय जातो?"

पुढचे तीन दिवस घरात दुसरा विषय नाही. खिळे तोंडात असले तरी त्यांच्या मधून बोलायचे. जेवताना तर विचारूच नका.

"क्लब तळाला होता तेव्हा आला हा. तिसऱ्या वर्षी वरच्या गटात चढवलं, ठीक आहे, चढवलं. पण कसं? एक-शून्य, एक-शून्य! माणसाच्या जिवाला घोर. आणि तो ठेंगणा, ज्याला कुणी विचारत नव्हतं, त्याला उजवीकडून खेळवायचं कुणाच्या डोक्यात आलं? याच्याच. आणि गोलकीपरचा हात मोडला, तर त्याला वर्षभर टीमबरोबर फिरवला, घरी नाही बसवलं. का तर म्हणे, पोरगं खचेल. आता हे सगळं अर्ध्यावर टाकून निघाला."

"अहो, तुम्ही कौतुक करताय त्याचं," ताई म्हणाली.

"कौतुक? मी त्याच्या चुका सांगतोय!" भावोजींनी ताट सरकवलं. मग परत ओढून घेतलं, कारण भात उरला होता.

गुरुवारी त्यांनी रागाच्या भरात कमाल केली. शेवटची मॅच आमच्याच मैदानावर होती, आणि मॅचनंतर खांबाचा निरोपसमारंभ. भावोजी समोरच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेले आणि शेवटच्या मॅचसाठी आपला पास त्यांना देऊन आले. "त्याला टाळ्या वाजवायला मी जाणार नाही," मला म्हणाले. "तू जा. डॉक्टर येतील तुझ्यासोबत."  रागावलेल्या भावोजींशी बोलण्यापेक्षा मशीनमध्ये तेल घातलेलं बरं.

पुढच्या सोमवारी दुकानासमोर छोटा ट्रक उभा राहिला. आत अकरा खुर्च्या. क्लबचा स्टोअरकीपर उतरला, पोट सांभाळत, हातात चिठ्ठी. निरोपाला पाहुणे येणार, फोटो निघणार, म्हणून मैदानावरच्या खुर्च्यांना नवी कव्हरं घालायची होती. पाऊस-उन्हानं जुन्या कव्हरांच्या पार चिंध्या झाल्या होत्या. गावात हे काम करणारे आम्हीच, तेव्हा दुसरीकडे जाणार कुठे?

भावोजींनी अकराही खुर्च्या ओळीनं लावल्या आणि त्यांचं सुरू झालं. "ही टीमच्या डॉक्टरची. कडेवर बसतो, कधी पळावं लागेल सांगता येत नाही. ही बदली गोलकीपरची, झोपतो लेकाचा, मानेशी तेलाचा डाग बघ. हा पाय हलवत बसतो. ही," त्यांनी शेवटच्या खुर्चीच्या बैठकीवर तळहात दाबला, मग परत दाबला. "ही जादाची दिसते. हिच्यावर कुणी बसलेलंच नाही. वरून रेक्झिन तडकलंय, पण आतला फोम कारखान्यातून आला तसाच आहे."

"जादाची कसली," स्टोअरकीपर म्हणाला. तो माझ्या मशीनशेजारच्या स्टुलावर चहा घेत बसला होता. "ती साहेबांची. मॅनेजरसाहेबांची."

भावोजींनी खुर्ची फिरवली. पाठीच्या वरच्या कडेला दोन ठिकाणी रेक्झिन फाटून फोमचा भुगा झाला होता. मागच्या अंगाला चार-चार बोटांचे खळगे आणि पुढच्या अंगाला एकेक अंगठ्याचा. भावोजींनी खुर्चीपुढे उभं राहून, वाकून, आपले हात त्या खळग्यांवर ठेवले. बोटं मागे गेली, अंगठे पुढे आले. बरोबर बसले.

"हे पेनल्टीचं," ते हळूच म्हणाले. "पण इतकं घट्ट धरतो?"

"साहेबांना पेनल्टी बघवत नाही," स्टोअरकीपर म्हणाला. "पहिल्यापासून. छातीत धडधडतं म्हणतात. मागे येतात, खुर्ची धरतात आणि त्या माणसाकडे बघतात."

"कुठल्या माणसाकडे?" मी विचारलं.

"बसतो एक मागे, दुसऱ्या रांगेत. मी पुढच्या फाटकावर असतो, मला दिसत नाही तो, पण साहेबांकडून ऐकलंय. कसली तरी चिखलाच्या रंगाची टोपी घालतो आणि अखंड शिव्या देतो. साहेब म्हणतात, त्या माणसाचं तोंड खोटं बोलत नाही. बॉल आत गेला की बाहेर, हे गलका व्हायच्या आधी त्याच्या चेहऱ्यावर कळतं. नऊ वर्षांत एक पेनल्टी साहेबांनी मैदानावर बघितलेली नाही. सगळ्या त्या टोपीवाल्याच्या तोंडावर बघितल्या."

चिखलाच्या रंगाची ती टोपी मुळात हिरवी होती. ताईनं विणलेली. त्या क्षणी ती स्टोअरकीपरच्या डोक्यावरच्या खुंटीवर लटकत होती. भावोजी सरळ झाले, खुंटीपर्यंत गेले, टोपी काढली आणि फोमच्या ठोकळ्यांमागे कोंबली. मला हसू आवरेना, म्हणून मी मशीन सुरू केलं.

"साहेब परवा म्हणाले," स्टोअरकीपर कप ठेवत म्हणाला, "समारंभ वगैरे ठीक आहे, पण मला त्या टोपीवाल्याच्या शिव्या ऐकून जायचंय. तो आला म्हणजे झालं."

ट्रक गेला. भावोजी त्या खुर्चीसमोर जमिनीवरच बसले. चेहऱ्यावर सगळं एकाच वेळी दिसत होतं. लाज होती, आनंद होता, आणि आपल्याला नऊ वर्षं कुणीतरी इतकं नीट बघितलं याचं भयंकर आश्चर्य होतं.

"आणि मी त्याला घाबरट म्हणायचो," ते म्हणाले. "तोंडावर. तो माझ्याकडे बघत असताना." मग एकदम वर बघितलं. "धाकटे! माझा पास!"

"समोर," मी म्हटलं. "डॉक्टरांकडे."

दातांचे डॉक्टर माणूस साधा, पण त्या पासनं त्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. त्यांनी नवीन हिरवी टोपी आणली होती, खेळाडूंची नावं तोंडपाठ केली होती. आम्ही गेलो तेव्हा ते आरशासमोर टोपी तिरकी करून बघत होते.

"दिलेली वस्तू परत मागता?" ते म्हणाले.

भावोजींनी सगळं खरं सांगितलं. बाकी काही त्यांना येत नाहीच. डॉक्टरांनी ऐकलं, टोपी काढली, आणि त्यांच्या डोळ्यांत एक चमक आली. ती मला अजिबात आवडली नाही.

"ठीक आहे. पास परत देतो. मी कठड्याशी उभं राहून मॅच बघेन. पण एका अटीवर. डावीकडची खालची दाढ."

भावोजींचा हात गालावर गेला. ही दाढ तीन वर्षं दुखत होती. खिळे ते उजवीकडेच धरायचे, हे मी रोज बघत होते. पण रस्त्यापलीकडच्या त्या खुर्चीत बसायचं म्हटलं, की त्यांना कुठल्या तरी गिऱ्हाइकाचं तातडीचं काम आठवायचं. लोकांच्या हजार खुर्च्या पारखलेला माणूस, पण त्या एका खुर्चीला भ्यायचा.

"सीझन संपल्यावर," भावोजी म्हणाले.

"आधी दाढ, मग पास. मला तुम्ही चांगले ठाऊक आहात."

मंगळवार, बुधवार, गुरुवार भावोजींनी घासाघीस केली. डॉक्टरांच्या वेटिंगरूमच्या सगळ्या खुर्च्या नव्या करून देतो म्हणाले. डॉक्टर हलले नाहीत. तोपर्यंत दुकानात त्या अकराव्या खुर्चीचं काम चाललं होतं. बाकी दहा खुर्च्या दोन दिवसांत झाल्या, पण ही संपेचना. भावोजींच्या डोक्यात एकच होतं, की जाण्याआधी त्या माणसानं या खुर्चीत एकदा तरी बसावं. आपलं तोंड त्याला चांगलं दोन शब्द सांगू शकणार नाही, हे त्यांना माहीत होतं. जे काही सांगायचं ते बैठकीतून सांगावं लागणार.

"पण तो बसलेलाच नाही," ते कुरकुरले. "बसल्याशिवाय मला माणूस कसा कळायचा?"

"नऊ वर्षं त्याची पाठ बघताय," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, तोंडातले खिळे काढले आणि खडू घेऊन भिंतीवर ती पाठ काढली. खांदे, मान, सगळं. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली. कमरेत किंचित पुढे वाकलेला, दुखत असणार. त्या चित्रावर टेप लावून त्यांनी खुर्चीची पाठ बांधली. कमरेला जाड फोम, उजवीकडे खांद्याखाली जरा उतार. आणि वरच्या कडेला, जिथे ते दोन हात पडायचे तिथे, आत मऊ लोकरीचे दोन तुकडे घातले. कव्हर मी शिवलं. शिवण तिथे येऊ दिली नाही, बोटांना टोचू नये म्हणून. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, मी आपलं केलं, आणि त्यांनी बघितलं, तरी काही बोलले नाहीत. म्हणजे पसंत होतं.

शुक्रवारी स्टोअरकीपर खुर्च्या घेऊन गेला. भावोजी तेव्हा मुद्दाम मागच्या खोलीत जाऊन बसले. आणि शनिवारी सकाळी दहाला, मॅचला पाच तास असताना, ते दातांच्या डॉक्टरांच्या दारात उभे राहिले. ताई एका बाजूला, मी दुसऱ्या.

डॉक्टरांनी खुर्चीकडे बोट केलं. "बसा खाली."

ताई जी हसायला लागली, ती बाहेर जाऊन भिंतीला टेकून हसत राहिली. नऊ वर्षांचं सगळं वसूल झालं म्हणाली.

दाढ निघाली. भावोजी बाहेर आले ते हातात पास घेऊन, आणि डाव्या गालाचा छोटा चेंडू झालेला. ओठ एका बाजूला लोंबत होता. तोंडात कापसाचा बोळा. डॉक्टरांनी बजावलं होतं, की संध्याकाळपर्यंत तोंड उघडायचं नाही, आणि ओरडायचं तर मुळीच नाही, रक्त येईल. भावोजींनी आमच्या काचेच्या दारात आपला चेहरा बघितला. हसून बघितलं, रडवेलं तोंड करून बघितलं. दोन्ही अगदी सारखंच दिसत होतं. एक गाल हलायचा, दुसरा जागच्या जागी.

तेव्हा आमच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की ज्या चेहऱ्यासाठी पास मिळवला, तो चेहराच डॉक्टरांनी काढून घेतला होता.

"असू दे," मी म्हटलं. "टोपी तर आहे."

मैदान खचाखच भरलं होतं. अकरा खुर्च्या हिरव्यागार चमकत होत्या. खांब आला, काळा कोट, तोच. खुर्चीजवळून जाताना थबकला. वाकून पाठीच्या वरच्या कडेवरून बोटं फिरवली. माझ्या शेजारी भावोजी पुढे झुकले. मग तो चार पावलं पुढे गेला आणि उभा राहिला. डावा गोल गेला.

पाच मिनिटं झाली. आरोळी नाही. दहा झाली. आजूबाजूचे लोक आमच्याकडे बघायला लागले. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी वळून विचारलं, "आज काय, मौनव्रत?" भावोजींनी कापसाकडे बोट केलं. त्यांचे डोळे पाणावले होते. विसाव्या मिनिटाला खांबानं मान वळवली आणि मागे बघितलं. मैदानावर खेळ चालू असताना, नऊ वर्षांत पहिल्यांदा. तो आरोळी शोधत होता.

मला राहवेना. मी उठले आणि ओरडले, "बस खाली!"

माझा आवाज पातळ. खांबानं माझ्याकडे बघितलं, मग शेजारच्या टोपीकडे, सुजलेल्या गालाकडे, आणि कोड्यात पडल्यासारखा परत वळला. भावोजींनी माझा हात धरून मला खाली बसवलं. त्यांना ते मुळीच आवडलं नव्हतं.

समोरच्यांनी एक गोल केला, आमच्या ठेंगण्यानं उजवीकडून पळत जाऊन तो फेडला. एक-एक. आणि सहा मिनिटं उरली असताना डावीकडच्या गोलसमोर आमच्या खेळाडूला पाडलं. पेनल्टी, आम्हाला.

खांब वळला. चार पावलं मागे आला, खुर्चीवर वाकला, दोन्ही हात ठेवले. लोकरीवर. बोटं आत रुतली. आणि डोळे वर करून त्यानं भावोजींकडे बघितलं.

मी भावोजींकडे बघितलं, चेहऱ्याचं काय करतायत म्हणून. तर ते पेनल्टीकडे बघतच नव्हते. ते खांबाकडे बघत होते. इतक्या वर्षांत ज्याची पाठ तेवढी कोटाच्या शिवणीपर्यंत ठाऊक, तो माणूस समोरून कसा दिसतो हे त्यांनी कधी नीट बघितलंच नव्हतं. समोरून तो म्हातारा होत आलेला होता. कपाळावर घाम होता, ओठ घट्ट मिटलेले, आणि डोळ्यांत अगदी उघडी भीती. भावोजी बघत राहिले. तो बघत राहिला. शिट्टी वाजली. सगळं मैदान उठून उभं राहिलं, आणि त्या गदारोळात हे दोघं एकमेकांकडे बघत तसेच.

खांबानं भुवया उंचावल्या. काय झालं?

भावोजींनी गोंधळून माझ्याकडे बघितलं. त्यांना तरी कुठे ठाऊक होतं!

"गोल!" मी दोघांना ओरडून सांगितलं. "अहो, गोल झाला! गोल!"

खांब हसला. सगळे दात दाखवून, डोकं मागे टाकून हसला. भावोजींनी हसायचा प्रयत्न केला आणि अर्धा चेहरा हसला. मग खांबानं एक गोष्ट केली. त्यानं आपल्या कोटाची टोकं सावरली, वळला आणि खुर्चीत बसला.

आमच्या रांगेतले माना उंचावून बघायला लागले. मग कुणीतरी म्हणालं, "बसला रे!" आणि हास्याची लाट शेवटच्या रांगेपर्यंत गेली. डावा गोल सबंध दिसत होता. जाळी, गोलचे दांडे, कोपऱ्यातलं निशाण, सगळं. नऊ वर्षांनी. पण भावोजींचं लक्ष तिकडे नव्हतं. त्यांनी माझं मनगट दाबलं आणि कापसातून पुटपुटले. पाठ बरोबर टेकलीय. उजवा खांदा बघ, उतारावर कसा बसलाय. खांबानं मान मागे टाकली, लांब श्वास सोडला, कमर हलवून आणखी आत बसला. जे सांगायचं होतं ते पोचलं. मला इतका आनंद झाला, की मी शेजारच्या अनोळखी बाईंना मिठी मारली.

एक मिनिट गेलं, दोन गेली. भावोजी चुळबुळायला लागले. मैदानाकडे बघितलं, डाव्या गोलकडे बघितलं, मान हलवली. काहीतरी त्यांना सोसत नव्हतं. मग त्यांनी तोंडातला बोळा काढून रुमालात बांधला आणि उठून उभे राहिले.

"तोंड!" कठड्याशी उभे असलेले डॉक्टर किंचाळले. "तोंड बंद!"

"ए!" भावोजी ओरडले. ओठ लुळा होता, शब्द तिरके पडत होते, पण आवाज तोच. "ऊठ! उभा राहा रे! बसतोस काय? उभा राहा!"

खांब वळला नाही. पण त्याचे खांदे हलायला लागले. पुढच्या रांगेतले आजोबा उठले आणि ओरडले, "उभा राहा!" मग आमची रांग, मग मागची, मग पलीकडची बाजू. सगळं मैदान एका सुरात ओरडत होतं. खांबानं कोटाच्या बाहीनं डोळे पुसले, खुर्चीच्या हातांवर भार दिला, उठला, आणि चार पावलं पुढे जाऊन आपल्या जागी उभा राहिला. डावा गोल गेला.

भावोजी खाली बसले. गालावरून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"आता कसं नीट दिसतंय," ते म्हणाले.

मला तर त्या काळ्या कोटाशिवाय काहीच दिसत नव्हतं.